फारसीच्या कचऱ्यात सापडलेला पाळणा

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या गावाला, कणकवलीच्या आत, देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, म्हणून एक जागा आहे. लोक तिथे चपला काढून जातात. मी लहानपणी तिथलीच करवंदं चोरून खाल्ली. पोट बिघडलं, पण ते करवंदांनी. बायको गेली तेव्हा भटजी म्हणाला, पिंडाला कावळा पटकन शिवला, म्हणजे वहिनींची काही इच्छा राहिली नव्हती. मी म्हटलं, कावळ्याला भूक लागली असेल. लोकांना राग आला. येऊ दे.

हे तुमच्या मासिकासाठी मी हाताने लिहिलं आणि आमच्या ऑफिसातल्या कीर्तीने टाईप करून दिलं. शब्द सुधार, पण माझं म्हणणं सुधारू नको, असं तिला बजावलंय. नावं थोडी बदलली आहेत. बाकी जे झालं ते असं झालं...

मी चौथी पास. गिरणीत फोल्डिंग खात्यात होतो – म्हणजे तयार कापड तपासायचं, धागा कुठे चुकला, नक्षी कुठे सरकली ते बघायचं. गिरणी गेली. मग वीस वर्षं वॉचमन. तेही सुटलं. आता सत्तरीला आलोय आणि पवईला, तलावाच्या बाजूच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर चहा करतो. घर भांडुपला, टेंभीपाड्यात. एक खोली, वर पत्रा. त्यात आधी तीन माणसं होती, मग दोन, आता मी.

बायकोचं नाव सुनंदा. जाऊन चौदा महिने झाले. किडनी गेली. मी रडलो नाही असं लोक सांगतात. मी कुठे रडलो ते लोकांना कशाला सांगू?

ही नोकरी मला तिच्यामुळे मिळाली. ती पवईलाच एका म्हाताऱ्या इराणी बाईकडे कामाला होती. अकरा वर्षं. बाईला सगळे खानम म्हणायचे. एकटीच होती, मोठं घर, पाय चालत नसत. सुनंदा तिला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, आणि दोघी जणी तोडक्यामोडक्या हिंदीत दिवसभर बोलत बसायच्या. खानमच्या भाच्याची, फिरोजशेठची, ही कंपनी. सुनंदा खानमला म्हणाली, आमचे हे घरात बसून मला खातात. खानमने भाच्याला सांगितलं, ठेव याला. झालं. पुढे खानम इराणला आपल्या बहिणीकडे गेली ती तिकडेच राहिली. मी इथे चहा करत राहिलो.

कंपनीचं काम काय, तर फारसी भाषेतली इंटरनेटवरची पानं शोधायचं यंत्र बनवायचं. म्हणजे माणसाने फारसीत काही विचारलं की यंत्राने बरोबर पान काढून द्यायचं. मला वाटायचं, यात काय एवढं? कीर्ती म्हणाली, "काका, एकच अक्षर दोन तऱ्हेने टाईप होतं. डोळ्याला सारखं दिसतं, मशीनला वेगळं. माणूस शोधतो एक, मशीन म्हणतं असं काही नाहीच." कीर्ती तिकडची इंजिनीअर. ठाण्याची पोर, तिशीच्या आतली, जीभ तिखट. फारसी अक्षरं ती कामापुरती शिकलीय. पहिलीतलं पोर वाचतं तशी वाचते – एकेक अक्षर सोडवत.

दुसरा त्रास असा की एकाचं पान दुसरा चोरतो, तिसरा चोरतो, आणि सारखीच पानं शंभर होतात. एकदा चहा ठेवताना मी म्हटलं, "हे आणि ते एकच आहे. फक्त वरची पट्टी बदलली."

"काका, तुम्हाला फारसी येते?"

"काय येतंय. कापड तपासलंय मी. नक्षी तीच आहे."

तेव्हापासून ती मला बोलवायची. या हो काका, ही कापडाची दोन ठाणं बघा. मला बरं वाटायचं. घरी कोणी काही बघायला बोलवत नाही.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. यंत्र बाहेरच्या इंटरनेटवर शोधत नाही. दोन वर्षांपूर्वी ही सगळी पानं एकदाच उतरवून साठा केला, प्रत्येक पानाला नंबर दिला, आणि साठा बंद केला. त्यात नंतर काही पडत नाही. भरताना यंत्र प्रत्येक पान हुंगतं. अक्षरं फारसी आहेत पण भाषा फारसी नाही, असं दिसलं की ते पान बाजूला फेकतं. उर्दू, आणखी कुठल्या कुठल्या भाषा, निव्वळ बडबड... सगळं एका ढिगात. त्या ढिगाला ऑफिसात कचराच म्हणतात.

तर, माझी मुलगी वैशाली. आम्हाला लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, एकुलती एक. नाहूरला दिलीय. ती गेल्या श्रावणात बाळंत झाली. बुधवारी सकाळी. मुलगी.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण माहेरी आहे कोण? मी? मला मऊ भात धड शिजवता येत नाही. सासरच्यांनीच केलं, आणि चांगलं केलं, उगाच खोटं बोलणार नाही. पण शुक्रवारी मी तिला बघायला गेलो तेव्हा खाटेवर ती, बाजूला बाळ, आणि सगळीकडे त्यांची माणसं. दुपटी त्यांची, झबली त्यांची, डिंकाचे लाडू त्यांचे. मी केळी घेऊन गेलो होतो. बाळंतिणीला केळी देत नाहीत, असं विहीणबाई म्हणाल्या. पिशवी परत हातात.

माणसं बाहेर गेली तेव्हा वैशाली म्हणाली, "बाबा, रविवारी बारसं आहे. पुढच्या. बाराव्या दिवशी."

"येतो की."

"नुसते येऊ नका. आईचा पाळणा आणा."

"लाकडी? तो कुठे होता आपल्याकडे?"

"बाबा! गायचा पाळणा. आईचा स्वतःचा. या लोकांकडे मोबाईलवर लावतात. मला नको ते. माहेरचं मला बाकी काही नको, तेवढं एक आणा."

आता पाळणा म्हणजे काय ते सांगतो. बारशाला बायका बाळ पाळण्यात घालून गातात. आमच्या सुनंदाने स्वतः एक रचला होता, मालवणीत, बारा दिवसांचा. रोज बाळाला बघायला कोण येतं आणि काय करतं, असा. टेंभीपाड्यात पंचवीस वर्षं ज्याच्या घरी बारसं, त्याच्या घरी सुनंदाला बोलावणं. बायका हसून हसून लोळायच्या. आणि आम्ही पुरुष बाहेर. आमच्याकडे पुरुष पाळण्याला जात नाहीत. बाहेर उभे राहतात, घुगऱ्या खातात, पॉलिटिक्सवर बोलतात. मीही तेच केलं. घरी ती भांडी घासताना गुणगुणायची तर मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. हे लिहायला लाज वाटते, पण वाढवायचो.

तिला लिहिता येत नव्हतं. कुठे लिहिलेला नाही, कोणी मोबाईलवर घेतलेला नाही.

शनिवार-रविवार मी आळीत फिरलो. शेजारच्या पेडणेकर वहिनींना तीन कडवी आठवली.

*पयल्या दिसाक सुईण इली,*
*उन उन पाण्यान न्हाणी केली.*

हे एक. मग सहाव्या दिवसाचं –

*सहाव्या दिसाक सटवाय इली,*
*कपाळार लिवन निघान गेली.*

आणि बाराव्याचं, गाव जमला, देवाला नारळ दिला, असं काहीतरी. मधलं काही नाही. वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमी मागना म्हणायचो ओ. ती म्हणायची, आमी झेलायचो. आता ती नाय तर झेलूचा काय?"

सोमवारी रात्रभर... नाही, रात्रीचं काही नाही यात, तुम्ही उगाच वाट बघाल. सोमवारी सकाळी चहाला आधण ठेवलं आणि एकदम आठवलं. खानमकडे असताना सुनंदा एकदा म्हणाली होती, "खानम माझो पाळणो लिवन ठेवता. तिच्या अक्षरात. कॉम्पुटरात घालता म्हणता, म्हणजे जगभर जायत."

तेव्हा मी काय म्हणालो? म्हणालो, "कोण वाचतलो? इराणचो बादशा?"

तिने भात वाढला.

मी कीर्तीला सगळं सांगितलं. ती पेन चावायला लागली.

"काका, समजा खानमने खरंच टाकलं असेल. मालवणी, फारसी अक्षरात. तर आमचं मशीन त्याला काय म्हणेल?"

"काय?"

"कचरा."

"मग कचऱ्यात बघ."

"बघीन, पण फारसीत ट नाही, ळ नाही, ण नाही. तुमच्या पाळण्यात शिल्लक काय राहतं ते सांगा आधी!"

मला हसू आलं. सुनंदा गेल्यापासून पहिल्यांदाच असेल.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने सुरुवात केली. सुईण घातलं. सटवाय घातलं, चार तऱ्हांनी. काही नाही. गुरुवारी परत. ढिगातून कसली कसली पानं वर आली, तिने वाचली, काही आमचं नाही. "काका, नसेल हो. म्हातारी बोलली असेल नुसती." मी म्हटलं, ठीक आहे. कप धुतले. भांडुपला उतरून चालत घरी गेलो, आणि वैशालीला काय सांगायचं ते पाठ करत बसलो. पाळणा मिळाला नाही बेटा. सोपं वाक्य आहे, पण तोंडातून निघेना.

शुक्रवारी दुपारी मीच तिला म्हणालो, "एकेक शब्द कशाला शोधतेस? कापडात एक धागा बघून नक्षी कळत नाही. तीच गोष्ट परत परत कुठे येते ते बघायचं. पयल्या दिसाक, दुसऱ्या दिसाक, तिसऱ्या दिसाक... बाराही दिवस एकदम घाल."

तिने माझ्याकडे बघितलं. मग घातले.

सगळे जेवायला गेले होते. एसी चालू, खिडकीबाहेर तलावावर ऊन. मी तिच्या खुर्चीमागे, हातात चहाचं फडकं.

एक पान आलं.

एकच. पांढरं. वर नाव नाही, फोटो नाही, जाहिरात नाही. उजवीकडून सुरू होणाऱ्या बुटक्या ओळी, दोन-दोनच्या जोड्या. मला अक्षर कळत नाही, पण नक्षी कळली. प्रत्येक जोडीच्या सुरुवातीला तेच वळण, फक्त आकडा बदलत होता.

"वाच," मी म्हटलं.

"प-य-ल-या... द-स-क... काका, यात मधले स्वर लिहीत नाहीत. मी नुसती हाडं वाचते, मांस तुम्ही लावा."

ती हाडं वाचत गेली. आणि मला येत होतं! मी कधी ऐकलं नाही म्हणतो ना... पंचवीस वर्षं टीव्हीच्या आवाजाखालून ते कानात शिरलं होतं. तिने तीन अक्षरं म्हटली की पुढचं माझ्या तोंडात. बिस्किटांचं खोकं पडलं होतं, ते फाडून पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर मी लिहीत गेलो. नवव्या कडव्याला कीर्तीला हसू आवरेना –

*नवव्या दिसाक मामा इलो,*
*रिकाम्या हातान, जेवन गेलो.*

"तुमचा मेहुणा असाच आहे का हो?"

"असाच होता. त्यानेच हे ऐकून दोन वर्षं बोलणं टाकलं होतं."

मग बारावं. मला वाटलं गाव, नारळ. कीर्ती वाचत होती, मी लावत होतो. पहिली ओळ लावली आणि माझं पेन थांबलं. वहिनींनी सांगितलेलं ते हे नव्हतं. दोनऐवजी चार ओळी होत्या.

*बाराव्या दिसाक आजो इलो,*
*उंबऱ्याभायर उभो रवलो.*
*एकटोच इलो, मी नाय वांगडा –*
*दोरी देवा त्येका, बसांदे थोडा.*

वांगडा म्हणजे सोबत. ज्यांना मालवणी येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आजोबा आलाय, एकटाच आलाय, मी सोबत नाही. दोरी द्या त्याच्या हातात. बसू द्या जरा.

"परत वाच."

तिने परत वाचलं. तेच.

"काका, काय झालं? बसा तुम्ही. पाणी आणू?"

मी म्हटलं, "काही नाही. फडकं ओलं आहे." काय उत्तर झालं ते! पण तेच म्हणालो.

तुम्ही विचाराल, फोटो का नाही काढला. आमच्याकडे मोबाईल दारातल्या कपाटात ठेवून आत जावं लागतं. परदेशी गिऱ्हाईकाचं काम, तसा नियम आहे. छापायलाही परवानगी लागते. कीर्ती म्हणाली, सोमवारी शेठना विचारून रीतसर काढून देते. पानाचा नंबर तिने पिवळ्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला.

रविवारी नाहूरला गेलो. धुतलेला सदरा घातला, पुठ्ठा पिशवीत. घर बायकांनी भरलेलं. मी सवयीने दारातच थांबलो, चपलांच्या ढिगाजवळ. व्याही घुगऱ्यांची वाटी घेऊन आले. आतून वैशालीने बघितलं.

"बाबा, आणलात?"

पुठ्ठा आत पाठवला. विहीणबाईंनी चष्मा लावला, उलटा धरला, सुलटा धरला.

"अहो, वैशालीचे बाबा, हे अक्षर आहे की मुंग्या? हे काय, बिस्किटाची किंमत की पाळणा?"

बायका हसल्या. पुठ्ठा चार हातांतून फिरला. कोणाला वाचता येईना. माझं अक्षर तसंच आहे, आणि त्यात मालवणी. वैशालीने मान खाली घातली होती. बाळ पाळण्यात, आत्या नाव सांगायला तयार, आणि एक पोरगी मोबाईल काढून म्हणाली, काकू, लावू का?

"नको," मी दारातूनच म्हणालो. "मी म्हणतो."

मी कधी आरतीतही तोंड उघडलेलं नाही. पुठ्ठा हातात घेऊन तिथूनच सुरू केलं. आवाज फुटका, सूर कुठला कुठे. तिसऱ्या दिवसाला –

*तिसऱ्या दिसाक आत्या इली,*
*नाक माझाच म्हणत रवली.*

– तर बाळाची आत्या खरंच खो-खो हसत सुटली, कारण ती तीन दिवस तेच म्हणत होती. मग बायका झेलायला लागल्या. मी म्हणायचो, त्या झेलायच्या. टेंभीपाड्यात व्हायचं तसं.

बाराव्याला आलो. म्हणावं की नको? वहिनींचा गाव-नारळही मला येत होता. पण पुठ्ठ्यावर जे होतं तेच तोंडातून गेलं. शेवटच्या ओळीला आवाज पार गेला. झेलायला कोणी नव्हतं, सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. विहीणबाई उठल्या, दारापर्यंत आल्या, माझं मनगट धरलं, आत नेऊन पाळण्याजवळ पाटावर बसवलं आणि दोरी हातात दिली. मी दोरी ओढली. नातीचं नाव सई ठेवलं.

सोमवारी ऑफिसला गेलो तर कीर्ती तोंड पाडून बसलेली.

"काका, पान नाहीये."

"म्हणजे?"

"चिठ्ठीवरचा नंबर घातला. एवढा मोठा नंबर आपल्या साठ्यातच नाही. साठा त्याच्या खूप आधी संपतो."

"मग चिठ्ठी चुकली."

"मीही तेच म्हटलं. बाराही दिवस परत घातले. शून्य. मग यंत्राची नोंद बघितली. प्रत्येक शोधाची नोंद होते – किती वाजता, काय विचारलं, काय मिळालं. शुक्रवारी दुपारी आपण विचारल्याची नोंद आहे. पुढे मिळालं किती, तर शून्य." ती माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "काका, मी वाचत होते ना? मी खरंच अक्षरं वाचत होते ना?"

"वाचत होतीस. मी चौथी पास, मला यमक जुळतं का?"

फिरोजशेठना सांगितलं. त्यांनी आधी आम्हा दोघांना वेड्यात काढलं. मग कीर्तीचा चेहरा बघून तिथेच इराणला खानमला फोन लावला. बराच वेळ त्यांच्या भाषेत चाललं. फोन ठेवून शेठ म्हणाले, "चाचा, खाला रो रही है."

खानमने सांगितलं ते असं. सुनंदाला तिने शब्द दिला होता, लिहीन म्हणून. वहीसुद्धा आणली होती. पण तिची नजर तेव्हाच जायला लागली होती आणि ते तिने कोणाला कळू दिलं नव्हतं. एक अक्षर लिहिलं नाही. कॉम्प्युटरला तर तिने जन्मात हात लावला नाही. सुनंदा विचारायची, लिखा क्या? ती म्हणायची, लिखा, लिखा. वाचता कुठे येत होतं बिचारीला, पडताळणार कशी?

कीर्तीने त्यानंतर महिनाभर शोधलं. बाहेरच्या इंटरनेटवर, साठ्यात, कचऱ्यात. ती म्हणते, यंत्रात काहीतरी बिघाड झाला असेल. मी विचारलं, बिघाडाला मालवणी येते? ती असंही म्हणाली की कदाचित मांस लावता लावता हाडंही तुम्हीच लावलीत, काका, मी फक्त तुमच्या मागे मागे म्हणत गेले. असेल. मी नाही म्हणत नाही. पण मला उंबऱ्याबाहेरून आत घ्या, असं मी स्वतःसाठी कधी लिहिणार नाही. सुनंदाला विचारा. म्हणजे... विचारता आलं असतं तर.

दुसरा खुलासा कोणाला सुचला तर जरूर कळवा. भगताकडे जा, नारायण नागबळी करा, हे मात्र कोणी सांगू नका. मला तिला कुठे पाठवायचं नाहीये.

एक राहिलं. बारशाच्या दिवशी माणसं पांगल्यावर वैशालीने मला बोलावलं होतं. बाळ मांडीवर. म्हणाली, "बाबा, शेवटचं कडवं मी कधी ऐकलं नव्हतं."

मी बाळाचं दुपटं सारखं केलं.

"आई मला सारखी विचारायची, काही आहे का, काही आहे का. सहा वर्षं झाली होती लग्नाला. शेवटच्या दिवाळीला मी तिच्यावर ओरडले, परत विचारलंस तर यायचीच नाही मी. त्यानंतर तिने विचारलंच नाही. मला वाटायचं, आशा सोडून गेली ती." ती बाळाकडे बघत होती. "हे कधी केलं तिने?"

तेव्हा ते पान साठ्यात नाहीच, हे मला माहीत नव्हतं. खानमचं माहीत नव्हतं. पण तिने विचारलं आणि मी विचार न करता बोलून गेलो, "हॉस्पिटलात. शेवटच्या आठवड्यात. माझ्याकडून पाठ करून घेतलं."

"म्हणजे तिला वाटत होतं, मला होईल म्हणून?"

"वाटत काय. ठाऊकच होतं तिला."

वैशाली रडली, खूप रडली, आणि मग पहिल्यांदाच मला तिचा चेहरा मोकळा दिसला. त्यानंतर सोमवार आला, तो आला नसता तर मी हे लिहिलंच नसतं. तिला हे सगळं सांगायचं नाही असं मी आणि कीर्तीने ठरवलंय. ती हे मासिक वाचत नाही. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखलंच, तर कृपा करून बोलू नका.

हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात सुनंदाला नळ्या लावल्या होत्या, ती एक शब्दही बोलू शकत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत पडायची, ओठ हलायचे. मला वाटायचं पाणी मागते, म्हणून मी ओला कापूस लावायचो. वैशालीला मी खोटं बोललो, एवढं मला तेव्हा पक्कं माहीत होतं. आता नाही.